८५–० चा किल्ला : स्टॅग फील्डच्या प्रतिकृतीच्या कामाच्या नोंदी

२ ऑगस्ट २०२५, शनिवार

आमच्या उपनगरातल्या वाचनालयात शिरल्या शिरल्या डाव्या हाताला काचेचं एक कपाट आहे. दर दोन-तीन महिन्यांनी गावातलं कुणीतरी त्यात काहीतरी मांडतं. यंदा ऑक्टोबर ते डिसेंबरचा विषय आहे ‘युद्धापूर्वीचं शिकागो’. तिथल्या बाई गेल्या वर्षी आमच्याकडे गणपतीला आल्या होत्या, मखर बघून गेल्या होत्या. त्यांनी विचारलं आणि मी हो म्हणून बसलो.

काय मांडायचं हे ठरवण्यातच आठवडा गेला. शेवटी घेतला शिकागो विद्यापीठाच्या फुटबॉल संघाचा १९३९ चा हंगाम. फुटबॉल म्हणजे इकडचा, अमेरिकन, बगलेत धरून पळायचा. तिकडे युरोपात १ सप्टेंबरला युद्ध पेटलं आणि त्याच शरद ऋतूत हा हंगाम खेळला गेला. एकूण आठ सामने, त्यातले सहा हरले. बेलॉइट ०–६, हार्वर्ड ०–६१, मिशिगन ०–८५, व्हर्जिनिया ०–४७, ओहायो स्टेट ०–६१, इलिनॉय ०–४६. जिंकले ते वाबाश आणि ओबर्लिन या दोन छोट्या कॉलेजांविरुद्ध. डिसेंबर उजाडला आणि विद्यापीठाने फुटबॉलच बंद करून टाकला. त्यांचं मैदान, स्टॅग फील्ड, रिकामं पडलं. पुढे तीन वर्षांनी, २ डिसेंबर १९४२ ला, त्याच मैदानाच्या पश्चिम स्टँडखाली भौतिकशास्त्रज्ञ एन्रिको फर्मी आणि त्यांच्या मंडळींनी जगातली पहिली अणुभट्टी चालू केली.

बेत असा: स्टॅग फील्ड, २१ ऑक्टोबर १९३९ चा शनिवार, मिशिगनचा सामना चालू. पश्चिम स्टँडचा एक तुकडा उघडणारा. उघडला की आत १९४२.

माझा अंदाज ४० तास आणि १५० डॉलर. असलं काही करायला घेणार असाल तर या आकड्यांवर विश्वास ठेवू नका, पुढे वाचा.

९ ऑगस्ट, शनिवार

मुलीला घेऊन जागा बघायला गेलो. एलिस अव्हेन्यू, ५६वा आणि ५७वा रस्ता यांच्यामधली. स्टँड १९५७ मध्येच पाडलं, आता तिथे विद्यापीठाचं रेगेन्स्टाइन ग्रंथालय आहे. भट्टीच्या जागी हेन्री मूर यांचं ब्राँझचं शिल्प आहे, डोक्याच्या कवटीसारखं, की अणुस्फोटाच्या ढगासारखं, जसं बघाल तसं. मुलगी एक फेरी मारून आली आणि म्हणाली, “बाबा, इथे मैदान कुठाय?” खरंच, मोजायला काही म्हणजे काही उरलेलं नाही. गाडी चुकीच्या बाजूला लावली म्हणून दंडाची चिठ्ठी मात्र मिळाली. ती खर्चात धरत नाही, चूक माझीच होती.

घरी येऊन फोटोंवरून मापं काढायला बसलो. युक्ती सोपी आहे आणि कुठल्याही जुन्या मैदानाला चालते. फुटबॉलचं मैदान नियमाने बांधलेलं: दोन्ही टोकांचे पट्टे धरून ३६० फूट लांब, १६० फूट रुंद, दर पाच यार्डांवर आडवी रेघ. म्हणजे फोटोतच फूटपट्टी आखलेली असते. रेघा मोजायच्या आणि त्यावरून स्टँडची लांबी-उंची ताडायची.

एक छान स्पष्ट फोटो सापडला. गोलपोस्टपासून मोजायला सुरुवात केली. सहा तास बसून सगळा तक्ता तयार केला आणि मग लक्षात आलं की पहिल्या रेघेचाच पत्ता चुकलाय. फोटोत गोलपोस्ट चक्क गोलरेषेवर उभे होते. कॉलेज फुटबॉलमध्ये ते १९२७ मध्ये दहा यार्ड मागे, अगदी शेवटच्या रेघेवर नेले. म्हणजे फोटो त्याच्याही आधीचा, आणि मी ‘शेवटची रेघ’ धरून मोजत होतो ती गोलरेषा. सगळी मापं दहा यार्डांनी सरकलेली. तक्ता फाडला.

जुना फोटो हातात आला की आधी गोलपोस्ट कुठे आहेत ते बघा. खाली छापलेल्या तारखेपेक्षा ते जास्त खरं बोलतात.

१६ ऑगस्ट, शनिवार

आजची चूक सगळ्यांत महागडी.

कपाटाचं माप बाईंनी फोनवर सांगितलं होतं, रुंदी ३६ इंच. मी गणित केलं: ३६० फुटांचं मैदान १:१२० या प्रमाणात म्हणजे बरोबर ३ फूट, ३६ इंच. असा योग जुळून आल्यावर माणूस दुसरा विचार करतो का? प्लायवुड आणलं (३८ डॉलर), कापलं, कडा घासल्या, एक हात पांढरा प्रायमरही मारला. दुपारी सहज वाचनालयात गेलो म्हणून टेप लावली. ३६ इंच हे बाहेरून. आतून ३४.

दोन इंच. फळी कापून टोकाचे पट्टे आखूड करावेत असा मोह झाला होता, पण मग आडव्या रेघांचं काय करणार? अर्धवट मैदान कुणालाही कळलं नसतं, मला रोज दिसलं असतं. शेवटी प्रमाण बदलून १:१५० केलं. मैदान ७३ सेंटिमीटर लांब, ३२.५ रुंद, स्टँडला पुरेशी जागा. नवीन फळी ३१ डॉलर. जुन्या फळीवर आता बायको पापड वाळवते.

कपाट असो की देव्हारा, माप आतून घ्यावं हे मला मखर करता करता वीस वर्षांत कळायला हवं होतं.

७ सप्टेंबर, रविवार

मधले तीन आठवडे गणपतीत गेले. काल अनंत चतुर्दशी झाली, आज परत टेबलावर.

हिरवळ. आईला व्हिडिओ कॉलवर फळी दाखवली. तिने आधी विचारलं, “हे काय, किल्ला करतोयस? दिवाळीला अजून दीड महिना आहे.” मी म्हटलं, “अगं, स्टेडियम आहे. फुटबॉलचं.” तिने पश्चिम स्टँडचा फोटो बघितला, त्या भिंतीवरच्या चऱ्या आणि कोपऱ्यातले बुरूज बघितले आणि निकाल दिला, “किल्लाच आहे. अळीव पेर, चार दिवसांत हिरवंगार होतं.”

तिचं अगदीच चुकलं नव्हतं. एलिस अव्हेन्यूच्या बाजूने हे स्टँड खरोखर गढीसारखं दिसायचं. साताऱ्याला अंगणात आम्ही विटा, माती आणि गोणपाटाचा जो किल्ला करायचो, त्यावर महाराज आणि मावळे बसवायच्या आधी अळीवच पेरायचो. पण लाकडाच्या फळीवर, बंद काचेच्या कपाटात, दोन महिने ओला अळीव म्हणजे बुरशीला आमंत्रण. आगगाडीच्या मॉडेलसाठी गवताची चटई मिळते ती आणली, २४ डॉलर. चिकटवायला देशातून आणलेला फेव्हिकॉल, पाणी घालून पातळ केलेला. चटई मधून बाहेरच्या दिशेने दाबत न्यायची. मी एका टोकाकडून सुरुवात केली आणि दुसऱ्या टोकाला फुगा आला. टाचणीने भोक पाडून बसवला. चाळीस यार्डांच्या रेघेजवळ नीट बघितलंत तर अजून दिसतो.

१३ सप्टेंबर, शनिवार

रेघा. मैदान पाच-पाच यार्डांत म्हणजे फळीवर ३.०५ सेंटिमीटरवर एक. गोलरेषा ते गोलरेषा एकवीस रेघा, शिवाय बाजूच्या आणि टोकाच्या.

पहिल्या प्रयत्नात मास्किंग टेप लावून पांढरा अ‍ॅक्रिलिक ओढला. टेप काढली तर रंग गवतात दोन्हीकडे पसरलेला, रेघ कसली, विस्कटलेली रांगोळी. यावरचा उपाय नेटाने शोधला तो असा: टेप लावल्यावर तिच्या कडेवर आधी बिनरंगी मॅट मीडियम मारायचं. ते कडेखाली शिरून वाळतं आणि मग पांढऱ्याला शिरायला जागाच उरत नाही. रेघा अगदी स्वच्छ आल्या. आधी खराब केलेल्या चार रेघांवर हिरवा मारून घेतला.

मग हॅश मार्क्स. खेळ बाजूला थांबला तर चेंडू कुठून परत सुरू करायचा त्याच्या या लहान खुणा. हल्ली कॉलेजच्या मैदानावर त्या बाजूच्या रेघेपासून ६० फुटांवर असतात. मी टीव्हीवर बघून तशाच मारल्या, दोन्हीकडून १२.२ सेंटिमीटर. रात्री पडल्या पडल्या शंका आली, उठून तपासलं. १९३९ मध्ये त्या १५ यार्डांवर होत्या, म्हणजे ४५ फूट, फळीवर ९.१ सेंटिमीटर. सगळ्या पुसून पुन्हा. साडेतीन तास गेले.

बायको म्हणाली, “कोण मोजणार आहे तिथे?” कुणी नाही. पण शिकागोत या खेळाचे म्हातारे शौकीन कमी नाहीत, आणि त्यातला एखादा वाचनालयात पुस्तक बदलायला येतोच.

२० सप्टेंबर, शनिवार

गोलपोस्ट तयार मिळतात म्हणून मागवले, १४ डॉलर. आले ते एकाच खांबाचे, वर बाक दिलेले, पिवळेधमक. हे युद्धानंतर कितीतरी वर्षांनी आले. १९३९ चा गोलपोस्ट म्हणजे साधा इंग्रजी एच: दोन खांब, मधे दहा फुटांवर आडवी दांडी, रुंदी साडेअठरा फूट. पितळेच्या तारेचे स्वतःच केले. दांडी जमिनीपासून २ सेंटिमीटर, दोन खांबांमधे ३.८. डाग देताना पहिला एच तिरका झाला, दुसरा सरळ आला. तिरका उत्तरेच्या टोकाला लावलाय, तिथे कपाटाच्या चौकटीची सावली पडते.

२७ सप्टेंबर, शनिवार

स्टँड. आज रडायची पाळी आली होती.

थर्माकोलवर स्प्रे पेंट मारला की ते विरघळतं, हे मखर करणाऱ्याला शिकवावं लागत नाही. म्हणूनच फोमबोर्ड घेतला होता (२२ डॉलर), दोन्ही बाजूंनी कागद असलेला. भिंती कापल्या, पायऱ्यांचे थर रचले, वरच्या चऱ्या एकेक करून कटरने कोरल्या. एकशे बारा चऱ्या. बाहेर नेऊन राखाडी स्प्रे मारला. कागदाला काही झालं नाही. पण चऱ्या कापल्या होत्या तिथे आतला फोम उघडाच होता. डोळ्यांदेखत एकशे बाराच्या एकशे बारा चऱ्या आतून पोखरल्या गेल्या. उंदराने कुरतडल्यासारखा कोट.

थोडा वेळ गॅरेजच्या पायरीवर बसून राहिलो.

दुरुस्ती करत बसलो नाही. सगळं टाकून बासवुडच्या पातळ पट्ट्या आणल्या, २७ डॉलर. चऱ्यांसाठी पट्टीला करवतीच्या खाचा पाडायच्या, एकेक कोरायची गरज नाही. आठ पट्ट्या एकत्र शिकंजात धरून एकदाच खाच. फोमबोर्डला दोन दिवस लागले होते, लाकडाला दीड तास. रंग ब्रशने, पाण्यातला.

३ ऑक्टोबर, शुक्रवार

काल दसरा. हत्यारांची पूजा केली: कटर, ग्लू गन, करवत आणि पट्टी. आज भट्टी.

भट्टी ज्या खोलीत रचली ती स्टँडखालची स्क्वॉशची खोली होती, ६० फूट लांब, ३० रुंद, २६ उंच. माझ्या फळीवर १२.२ बाय ६.१ सेंटिमीटर, उंची ५.३. भट्टी म्हणजे ग्राफाइटच्या विटांचे एकावर एक ५७ थर. त्यात साधारण ४०० टन ग्राफाइट, आणि विटांच्या आत ठरावीक अंतरावर युरेनियमच्या गोळ्या. रुंदी २५ फूट, उंची २० च्या आसपास, लाकडी चौकटीचा आधार. खाली निमुळती, मधे फुगीर, वर चपटी.

प्रत्येक थरासाठी एक काळी चकती, म्हणजे ५७ चकत्या, असं ठरवलं. काळा पुठ्ठा आणला १ मिलिमीटरचा, १६ डॉलर. दोन संध्याकाळी बसून ५७ चकत्या कापल्या. मोठ्यात मोठी ५ सेंटिमीटरची, खाली-वर लहान होत जाणाऱ्या. रचून बघितल्या तर ५७ मिलिमीटर उंची. खोली ५३ मिलिमीटरची. माझी भट्टी छप्पर फोडून स्टँडच्या बाकांतून वर आली.

हिशेब आधी करायचा असतो तो नंतर केला. खरी वीट सव्वाचार इंचाहून थोडी कमी जाडीची. १:१५० ला बरोबर ०.७ मिलिमीटर. इकडे २८ पॉइंटचा पुठ्ठा मिळतो, तो तेवढाच जाड (१८ डॉलर). पुन्हा ५७ चकत्या. गोंदाच्या थराने उंची दीडेक मिलिमीटर वाढली, तेवढं चालतं. चौकट काड्यापेटीच्या काड्यांची.

मुलगी शेजारी बसून गृहपाठ करत होती. मान वर करून म्हणाली, “बाबा, हा भोपळा कशाला केलाय?”

खरंच तोच आकार होता. मग तिला ती जुनी गोष्ट सांगितली, अणुविज्ञानाच्या इतिहासात लोक आवडीने सांगतात ती. म्हणे या प्रयोगाच्या हकिकतीचं रशियन भाषांतर झालं तेव्हा ‘स्क्वॉश कोर्ट’चं ‘भोपळ्याचं शेत’ झालं होतं. इंग्रजीत स्क्वॉश म्हणजे खेळही आणि भोपळाही. ती हसत सुटली. गुणफलकावर शिकागोच्या बाजूला काय येणार ते सांगितलं, तेव्हा आणखी हसली. पण त्याची नोंद पुढे.

११ ऑक्टोबर, शनिवार

माणसं. आगगाडीच्या मॉडेलची न रंगवलेली माणसं १०० च्या पाकिटात मिळतात, १९ डॉलर. प्रमाण १:१६०, माझ्या १:१५० ला खपून जातं. उभी, वाकलेली, चालणारी असं मिश्रण. पाय चिमट्याने वाकवून पळती केली.

आधी ठरवलं होतं ४४ खेळाडू, दोन्ही संघांचे आक्रमणाचे अकरा आणि बचावाचे अकरा, आजच्यासारखे. पंधरा-वीस रंगवून झाल्यावर कळलं की त्या काळी तेच अकरा जण दोन्ही बाजूंनी खेळायचे. बाहेर काढलेला खेळाडू त्याच क्वार्टरमध्ये, म्हणजे सामन्याच्या त्याच पाव भागात, परत आत येऊ शकत नसे. हा नियम १९४१ मध्ये सैल झाला. शिकागोच्या पोरांना दम लागायचा तो का, हे रंगवता रंगवता कळलं. मिशिगनकडे बदली खेळाडू होते. यांच्याकडे खेळण्यासाठी शिष्यवृत्तीही नव्हती, रॉबर्ट हचिन्स या विद्यापीठाध्यक्षांना ती नको होती. परीक्षा मात्र बाकी सगळ्यांसारखीच द्यायची. शेवटी मैदानात २२ आणि बाकावर थोडे.

हेल्मेट: चामड्याचं, तोंडापुढे जाळी नाही. ते याच वर्षी, १९३९ ला, कॉलेज फुटबॉलमध्ये सक्तीचं झालं. माणसांच्या डोक्यावर फेव्हिकॉलचा एकेक थेंब टाकला, वाळला की टोपी तयार. शिकागोला मरून रंग सोपा. मिशिगनच्या निळ्या हेल्मेटवर पुढून पंखांसारखे पिवळे पट्टे असतात, ते दीड मिलिमीटरच्या डोक्यावर काढायचे. भिंग, तीन शून्यांचा ब्रश, श्वास रोखून. अकरापैकी सात जमले. उरलेले चार पाठमोरे उभे केलेत.

ते पंखवालं हेल्मेट मिशिगनला १९३८ मध्ये आणलं त्यांचे प्रशिक्षक फ्रिट्झ क्रिस्लर यांनी. आणि हे क्रिस्लर मूळचे शिकागोचेच, अ‍ॅमॉस अ‍ॅलोन्झो स्टॅग यांच्या हाताखाली याच विद्यापीठाकडून खेळलेले. ज्यांचं नाव मैदानाला आहे ते हेच स्टॅग, चाळीस वर्षं इथले प्रशिक्षक. चेल्याने गुरूच्या मैदानावर ८५ गुण चढवले. स्टॅग तेव्हा कॅलिफोर्नियात दुसऱ्या कॉलेजला शिकवत होते, सत्तरी झाली म्हणून शिकागोने त्यांना निवृत्त केलं होतं.

आणि हा संघ काही पूर्वीपासून असा नव्हता. चारच वर्षांपूर्वी, १९३५ मध्ये, कॉलेज फुटबॉलपटूला मिळणारं, पुढे हाइस्मन नावाने गाजलेलं पारितोषिक पहिल्यांदा दिलं गेलं ते याच शिकागोच्या जे बर्वँगरला. त्याच्या आदल्या वर्षी त्याला पाडताना मिशिगनच्या एका खेळाडूच्या डाव्या डोळ्याखाली जखम झाली, तिची खूण पुढे राहिली. तो खेळाडू म्हणजे जेराल्ड फोर्ड, नंतरचे राष्ट्राध्यक्ष. बर्वँगरची एक वेगळी मूर्ती करून बाकावर बसवायचा मोह झाला होता. पण १९३९ ला तो संघात नव्हता, म्हणून आवरलं.

१५ ऑक्टोबर, बुधवार

गुणफलक. तो मैदानात न ठेवता कपाटाच्या मागच्या भिंतीवर लावायचं ठरवलं, म्हणजे लांबून वाचता येईल. डावीकडे शिकागो, उजवीकडे पाहुणे, खाली सामन्याचं नाव, आणि आकड्यांच्या पाट्या खिळ्यांवर टांगायच्या. दर आठवड्याला वाचनालयात कुणीतरी पाट्या बदलेल आणि हंगाम क्रमाने पुढे सरकेल.

पाट्या कापायला बसलो. हरलेले सहाही सामने शून्यावर. मी सरळ सहा शून्यं कापली, रंगवली, वाळत ठेवली. मग लक्षात आलं की एकच शून्य टांगून ठेवलं तरी हंगामाचा बराच भाग निघतो, बदलायचं ते समोरच्यांचंच. सहापैकी एकाही सामन्यात भोपळा फुटला नाही. बिग टेन या त्यांच्या मुख्य स्पर्धेत तीन सामने खेळले, त्यात समोरच्यांचे १९२ गुण आणि यांचे शून्य. उरलेली पाच शून्यं मुलीने कानातले करायला नेली.

एक गोष्ट फलकाखालच्या चिठ्ठीत मुद्दाम लिहिलीय. शिकागोचे तेव्हाचे प्रशिक्षक क्लार्क शॉनेसी दुसऱ्याच वर्षी स्टॅनफर्डला गेले आणि १९४० च्या हंगामात एकही सामना हरले नाहीत, १ जानेवारी १९४१ चा रोझ बोल हा मानाचा सामनाही जिंकले. लोक ८५–० वाचतात आणि प्रशिक्षकाला हसतात. हसायचं तर त्याला नको.

१८ ऑक्टोबर, शनिवार

उघडणारं स्टँड. बारक्या पितळी बिजागऱ्या आणल्या (६ डॉलर), लावल्या, पाच वेळा उघडझाप केली, सहाव्या वेळी स्क्रू बासवुड फाडून बाहेर आले. लाकूड मऊ, स्क्रू लहान. बिजागऱ्या काढल्या, चार छोटी लोहचुंबकं बसवली (९ डॉलर), दोन तुकड्यात आणि दोन भिंतीत. आता तो तुकडा उघडत नाही, अख्खा उचलला जातो आणि ठेवला की टक्क करून बसतो. आधीच्यापेक्षा बरं. चुंबक चिकटवण्याआधी कुठली बाजू कुठे ते पेनाने खूण करून ठेवा. मी एक उलटं लावलं, तर स्टँड चिकटायच्या ऐवजी उडून पडलं.

संध्याकाळी शेजारच्या आजोबांना दाखवलं. त्यांनी तुकडा उचलला, भट्टी बघितली आणि विचारलं, “म्हणजे वर सामना चालू होता आणि खाली हे?”

घोळ झाला होता. ज्यांना माहीत नाही त्यांना दोन्ही एकाच दिवशीचं वाटणार. वर २२ जण पळतायत आणि खाली फर्मी. खरं तर तेव्हा फुटबॉल बंद होऊन तीन वर्षं झाली होती. शिवाय भट्टी मैदानाखाली नव्हती, स्टँडखाली होती, हाही गैरसमज पुष्कळांचा. उपाय सोपा निघाला. उचलायच्या तुकड्याच्या बाहेरच्या बाजूला ‘१९३९’ लिहिलं, खोलीच्या मागच्या भिंतीवर ‘२ डिसेंबर १९४२, दुपारी ३.२५’. आणि खोलीत बाकडं, रॅकेट, चेंडू असं काही ठेवलं नाही. पुन्हा आजोबांना दाखवलं. ते काही न विचारता खाली वाकून बघत राहिले.

२० ऑक्टोबर, सोमवार

उद्या मांडायचंय आणि आज घरी लक्ष्मीपूजन. दुपारभर चकल्या आणि चऱ्या एकाच टेबलावर. आईचा फोन आला. किल्ला झाला का म्हणून विचारलं. मी म्हटलं, झाला. महाराज कुठे बसवलेस? म्हटलं, नाही गं, त्यांच्याऐवजी ११ मिशिगनवाले. ती म्हणाली, “मग पडला म्हणायचा किल्ला.”

२१ ऑक्टोबर, मंगळवार

बरोबर ८६ वर्षांनी. सकाळी दहाला वाचनालय उघडायच्या आधी बसवलं. फळी आत सरकवताना दोन्ही बाजूंना दीड-दीड बोट जागा राहिली, तेवढं बघूनच जीव भांड्यात पडला. उत्तरेचा तिरका गोलपोस्ट सावलीत, रंग न जमलेले चार मिशिगनवाले पाठमोरे, चाळीस यार्डांचा फुगा पुढच्या काचेपासून लांब. पाट्या टांगल्या, ० आणि ८५. आठाची पाटी जड आहे म्हणून फलक एका बाजूला कलतो, मागे पुठ्ठ्याची पाचर मारली.

हिशेब: एकूण २५९ डॉलर, त्यात रंग, ब्रश, टेप यांचे ३५. यातले ९६ निव्वळ चुकांचे, म्हणजे पहिली फळी, तयार गोलपोस्ट, फोमबोर्ड, जाड पुठ्ठा आणि बिजागऱ्या. तास ९४, त्यातले तीसेक पुन्हा केलेल्या कामाचे. पार्किंगचा दंड वेगळा.

कपाटाची किल्ली बाईंकडे आहे. दर मंगळवारी त्या पाट्या बदलणार. डिसेंबरच्या २ तारखेला मी जाऊन स्टँडचा तुकडा उचलून बाजूला ठेवणार, तोवर तो बंद.

१ मिलिमीटरच्या ५७ काळ्या चकत्या कापून तयार पडल्यात, क्रमाने रबरबँड लावून. १:१०५ च्या प्रमाणात कुणी भट्टी करणार असेल तर त्यांची जाडी अगदी फिट बसेल, रुंदी मात्र कमी पडेल. पोस्टाचा खर्च माझा.